पऱ्हाटीच्या मुलुखांत

घाटावरील किंवा कोंकणांतील गृहस्थास कापूस ओळखीचा असतो तो समईंतील वातीच्या, देवाच्या वस्त्रमाळेच्या, नाहीं तर गादी-उशीच्या रूपानें. तो झाडावर कसा दिसतो, त्या झाडावर कोण कोण आपला उदरनिर्वाह करितो, आणि त्या आगंतुकांना मारतां मारतां माणसांनाहि प्राणास कसें मुकावें लागतें, हा विचार वात वळतांना कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आश्विनाच्या सुमारास अकोल्याच्या स्थानकावर उतरून कारंजा, दारव्हा, यवतमाळ असें करीत, वर्धा नदी ओलांडून जो कोणी हिंगणघाटापर्यंत जाईल, त्याला तो टाळतां येणार नाहीं. गेल्या आश्विनांत मीं हा प्रवास सावकाश, आठ दिवस खर्चून केला. त्यांत पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींपैकीं एकच गोष्ट येथें सांगावयाची आहे. ती म्हणजे, शेतकरी कोणतें बीं पेरतो यावरच त्याला पुढें किती विष फवारावें लागेल हें बरेंचसें ठरून जातें.

अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेचें खोरें आहे. क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ, आणि तिच्या अलीकडे दृष्टि पोंचेल तोंवर काळी जमीन. ही जमीन उन्हाळ्यांत अशी भेगाळते कीं, भेगेंत हात कोपरापर्यंत जावा. पावसांत तीच लोण्यासारखी होऊन पायाला धरून ठेवते. तिच्या पोटांत ओल टिकते, म्हणूनच विहिरी-पाटांवांचून येथें कापूस होतो. "वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण याच मातीवरून पडली. आजहि महाराष्ट्रांत सुमारें ४० लक्ष हेक्टर जमीन कापसाखालीं असते, आणि त्यांतील फार मोठा भाग केवळ पावसावर अवलंबून असतो. इकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. पऱ्हाटीच्या कांहीं ओळी, मग तुरीची एक ओळ, पुन्हां पऱ्हाटी, असा क्रम मैलोगणती चालतो. पहिल्या वेचणीपूर्वीं शेतांत सीतादहीचा नैवेद्य दाखविण्याची चाल कांहीं घरांतून अद्याप टिकून आहे.

अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. तेथें मला देशी व अमेरिकन अशा दोन्ही पऱ्हाट्या शेजारीं शेजारीं पाहावयास मिळाल्या. ज्यानें त्या कधीं एकत्र पाहिल्या नाहींत, त्याला हीं एकाच कुळांतील झाडें आहेत हें सांगून खरें वाटणार नाहीं. अमेरिकन पऱ्हाटीचें पान तळहातासारखें रुंद, बोंड टपोरें, आणि उमललें म्हणजे कापूस त्याला घट्ट धरून बसलेला. देशी पऱ्हाटी अंगानें सडपातळ; पान बोटांसारखें चिरलेलें, बोंड लहान व खालीं झुकलेलें. तें उमललें आणि वेळेवर वेचलें नाहीं, तर कापूस लोंबतो आणि मातींत पडतो. वेचणाऱ्या बायांना ही देशीची खोड मुळींच आवडत नाहीं, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

जगांत लागवडींत असलेल्या कापसाच्या चार जाति. त्यांपैकीं दोन आपल्या जुन्या जगाच्या, दोन अमेरिकेच्या. सिंधूच्या कांठीं पांच हजार वर्षांपूर्वींचे लोक जो कापूस कातीत होते तो देशी जातीचा. १९४७ सालीं देशांतील कापसाच्या क्षेत्रापैकीं शेंकडा ९७ च्या आसपास क्षेत्र देशी कापसाचें होतें. आज तें शेंकड्यांत फार थोडें उरलें आहे. ही उलथापालथ कांहीं किडींमुळें झाली नाहीं. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस पाहिजे होता. फाळणींत पंजाब व सिंध येथील लांब धाग्याचे पाटाच्या पाण्याखालचे प्रदेश पलीकडे गेले, आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांसाठीं अमेरिकन जातीची लागवड वाढविणें सरकारला अगत्याचें वाटलें. वऱ्हाडाला अशा फेरबदलाची संवय जुनीच आहे. एके काळीं हिंगणघाटच्या मऊ, लांब धाग्याची कीर्ति विलायतेपर्यंत गेली होती. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं रोझियम नांवाचा, धाग्यानें जाडाभरडा पण सरकी काढल्यावर रुई अधिक देणारा वाण याच प्रांतांत भराभर पसरला. म्हणजे वाण निवडला जात असे तो कधीं गिरणीच्या सोयीनें, कधीं जिनाच्या. त्याला कीड किती लागते, हा प्रश्न नेहमीं शेवटीं राहिला.

आतां हा कीड लागण्याचा प्रकार कसा आहे तें पाहूं. पऱ्हाटीच्या पानाच्या खालच्या बाजूस तुडतुडा नांवाचा हिरवट, पाचरीच्या आकाराचा, तिरपा चालणारा बारीकसा किडा असतो. तो पानांतील रस शोषतो. पानाच्या कडा प्रथम पिवळ्या पडतात, मग खालीं वळतात, मग तांबूस होतात, आणि अखेर झाड जळल्यासारखें दिसूं लागतें. सरासरीनें पानामागें दोनतीन पिल्लें आढळूं लागलीं कीं उपाययोजनेची वेळ आली, असें शास्त्रज्ञ सांगतात. तुडतुड्याची मादी अंडें पानावर ठेवीत नाहीं. पानाच्या शिरेंत सूक्ष्म टोंचणी खुपसून आंत घालते. आतां त्या शिरेवर आणि पानाच्या खालच्या अंगावर जर दाट, लांब लव असेल, तर टोंचणी शिरेपर्यंत पोंचत नाहीं, पिल्लांना सोंड रोंवावयास जागा सांपडत नाहीं, आणि तुडतुडा दुसरें घर शोधतो. इतकी साधी ही गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेंत बार्बर्टन येथें पार्नेल नांवाच्या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत याच लवेवर नजर ठेवून झाडें निवडलीं. तेथें तुडतुड्यांमुळें कापसाचें पीक जवळजवळ अशक्य झालें होतें. त्यानें निवडलेल्या यू ४ या लवदार वाणानें तें पुन्हां शक्य केलें. त्या काळीं आजच्यासारखीं कीटकनाशकें बाजारांत नव्हतीं, त्यामुळें झाडाकडेच पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें, हेंहि खरें.

मीं अकोल्यास दोन्ही पानें उलटीं करून अंगठा फिरवून पाहिला. लवदार वाणाचें पान अंगठ्याला कापडाच्या उलट्या बाजूसारखें खरखरीत लागतें. बिनलवेचें केळीच्या कोवळ्या पानासारखें गुळगुळीत. ही परीक्षा ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं त्यालाहि करतां येईल. मात्र ती झाड उगवल्यावर करावयाची, आणि बीं विकत घ्यावयाचें तें दोन महिने आधीं.

लव म्हणजे सर्व रोगांवर एकच मात्रा, असें मात्र कोणी समजूं नये. पांढऱ्या माशीला लवदार पान आवडतें. बोंडअळीचा पतंगहि गुळगुळीत पानापेक्षां लवदार पानावर अधिक अंडीं घालतो. तेव्हां एका शत्रूला दार लावावें तों दुसऱ्याला खिडकी उघडते. देशी पऱ्हाटीचें विशेष हें कीं, तिचा बचाव एकट्या लवेवर अवलंबून नाहीं. येथील किडींशीं हजारों वर्षें झगडून ती तयार झाली आहे. रस शोषणाऱ्या बहुतेक किडी तिच्या वाटेला कमी जातात, आणि पंजाबांत अमेरिकन कापसाचीं पानें मुरडून टाकणारा जो विषाणूचा रोग आहे, तो तिला होतच नाहीं. २०१५ सालीं पांढऱ्या माशीनें पंजाबांतील कापूस उद्ध्वस्त केला, तेव्हां देशी कापसाचे तुकडे उभे राहिले होते.

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गें कारंज्यास आलों. श्रीनृसिंहसरस्वतींचें हें जन्मस्थान. दर्शन घेऊन पुढें निघालों. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी शकुंतला नांवाची लहान रुळांची आगगाडी एका इंग्रज कंपनीनें कापूस वाहून नेण्यासाठीं घातली होती. ती आतां बंद आहे. रुळांवर गवत वाढलें आहे, आणि एका स्थानकाच्या फलाटावर कोणी सोयाबीन वाळत घातलें होतें.

याच रस्त्यावरील एका बाजाराच्या गांवीं बियाणांच्या दुकानांत शिरलों. हंगाम संपला होता तरी रिकाम्या डब्यांची रास कोपऱ्यांत पडली होती. तऱ्हेतऱ्हेचीं नांवें, प्रत्येकीवर बोंडांनीं लगडलेल्या झाडाचें चित्र. पानावर लव किती, पीक किती दिवसांत संपतें, तुडतुडे या वाणाला कितपत मानवतात, यांपैकीं मोठ्या अक्षरांत कोणत्याच डबीवर कांहीं नव्हतें. बाहेर बसलेल्या एका शेतकऱ्यास विचारलें, "वाण कसा निवडतां?" तो हंसून म्हणाला, "दुकानात जे भेटते, तेच पेरतो जी."

तें असें होण्याचें कारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९७० सालीं सुरतेस डॉ. चंद्रकांत पटेल यांनीं एच ४ हा जगांतील पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केला. उत्पन्न वाढलें, धागा लांबला. परंतु संकरित पिकाची सरकी पुढच्या वर्षीं पेरून उपयोग नाहीं, बीं दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. पिढ्यान् पिढ्या घरांतील बायकांनीं राखलेली सरकी येथून हळूहळू जनावरांच्या गोठ्याकडे वळली. पुढें फवारण्या वाढल्या. बोंडअळी विषाला सरावली, आणि शतकाच्या अखेरीस देशांत खपणाऱ्या कीटकनाशकांपैकीं जवळजवळ निम्मीं एकट्या कापसावर पडूं लागलीं. २००२ सालीं बीटी कापसाला परवानगी मिळाली. जमिनींतील एका जंतूचा अळीनाशक गुण त्या झाडाच्या अंगांतच आणलेला होता. कांहीं वर्षें बोंडअळी खरोखरच हटली, फवारण्या खरोखरच कमी झाल्या. हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण तो गुण अळीपुरता. तुडतुड्यांना, फुलकिड्यांना, माव्याला त्याचें कांहींच नाहीं. आणि तो गुण ज्या संकरित वाणांत घातला गेला, त्यांपैकीं पुष्कळ वाण रस शोषणाऱ्या किडींना सहज बळी पडणारे होते. त्यांचें हें वैगुण्य आरंभीं दिसलें नाहीं, कारण सरकीलाच रंगीत विषाचें लेपण केलेलें असे व रोप पहिले कांहीं आठवडे त्यावर निभावून जाई. तुडतुडे त्या विषालाहि सरावल्यावर पाठीवरचा पंप पुन्हां शेतांत आला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती व ग्लेन स्टोन यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व काळापेक्षांहि वाढल्याचें दाखविलें आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं काय घडलें तें वृत्तपत्रें वाचणाऱ्यांस स्मरत असेल. त्या पावसाळ्यांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. किडीहि पुष्कळ होत्या. फवारणारा मजूर झाडांच्या दोन भिंतींमधून चालत, नळी वर धरून फवारीत असे, आणि तें विष तुषार होऊन त्याच्याच तोंडावर व अंगावर उतरत असे. उकाडा इतका कीं, तोंडाला फडकें बांधून काम करणें दुरापास्त. जुलै ते ऑक्टोबर या अवधींत त्या जिल्ह्यांत वीसच्या आसपास माणसें दगावलीं, आणि शेंकडों जण रुग्णालयांत पोंचले. मरणाऱ्यांत शेतमालक होते तसेच रोजानें फवारणी करणारे भूमिहीन मजूरहि होते. या दुसऱ्या लोकांचा विचार मला अधिक अस्वस्थ करितो. वाण निवडला मालकानें, विकला दुकानदारानें, औषध ठरविलें तिसऱ्यानेंच. आणि त्या निवडीचें फळ ज्याच्या छातींत गेलें, त्याला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें.

त्याच वर्षीं गुलाबी बोंडअळीनेंहि डोकें वर काढलें. ही अळी आपल्याकडची फार जुनी; १८४३ सालीं तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन झालें तें भडोचच्या नमुन्यांवरून. ती कळींत शिरते, फुलाच्या पाकळ्या आंतून विणून टाकते व तिची डोमकळी करते. मग बोंडांत जाऊन सरकीला लागते. एकदां ती बोंडांत शिरली कीं बाहेरून फवारलेलें कोणतेंहि औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. बीटीचा गुणहि आतां तिला बाधत नाहीं. गुजराथेंत ती खूण दशकाच्या अखेरीसच दिसली होती. पूर्वीं बीटीच्या डबीबरोबर बिगर-बीटी सरकीचें एक लहान पुडकें शेताच्या कडेनें पेरण्यासाठीं देत, म्हणजे अळ्यांना सरावण्यास उशीर लागावा. पण तें पुडकें बांधावर फेकून देणारेच अधिक. या अळीचा जोर हिंवाळ्यांत वाढतो. म्हणून जो वाण १४० ते १५० दिवसांत आपला कारभार आटोपतो, त्याचीं बहुतेक बोंडें तिच्या तडाख्यांतून निसटतात. जो वाण १८० दिवस आणि त्यापुढें फरदड म्हणून फाल्गुनापर्यंत राखला जातो, तो तिला पोसतो आणि पुढच्या वर्षासाठीं सांभाळूनहि ठेवतो. म्हणजे येथें झाडाच्या अंगीं कोणतें विष असण्याची गरज नाहीं. तें लौकर पिकणारें असलें कीं पुष्कळ झालें.

कळंबच्या पुढें वर्धा नदी ओलांडून देवळीच्या बाजूस एका परिचितांच्या परिचितांकडे मुक्काम केला. तीन भावांचें एकत्र कुटुंब; मधले नोकरीनिमित्त परगांवीं, थोरले व धाकटे शेती पाहतात. रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर बोलणें निघालें. धाकट्या बंधूंना २०१७ सालीं स्वतः फवारणी करतांना विषबाधा झाली होती व पांच दिवस रुग्णालयांत राहावें लागलें होतें. तेव्हांपासून त्यांचा आग्रह कीं, निदान कांहीं एकरांत देशी लावावी, नागपूरच्या संस्थेनें २००८ सालीं काढलेल्या सूरजसारखा सरळ वाण लावावा, दाट पेरावा व मार्गशीर्षाच्या आंत उपटून हरभरा टाकावा. सरळ वाणाची सरकी पुन्हां पेरतां येते, ही गोष्टहि त्यांनीं दोनदां सांगितली.

थोरले सर्व ऐकून घेत होते. त्यांचा विरोध अज्ञानाचा नव्हता. ते म्हणाले, "सोसायटीचं कर्ज देशीचा भाव पाहून थांबत नाही जी. बोंड हे एवढं, वेचाईचा खर्च दुप्पट, अन् बाजारात नेलं तर म्हणतात, धागा तोकडा." हें सारें खरें आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें देशी जातीचेच पीए मालिकेंतील कांहीं वाण लांब धाग्याचे काढले आहेत, हें मीं सांगून पाहिलें. त्यावर ते म्हणाले, "वाण असंल जी, पण आमच्या इकडचा व्यापारी देशी म्हटलं का देशीच समजते." याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. वाण विद्यापीठाच्या शेतांत असणें आणि त्याला बाजारांत वेगळी ढिगारी मिळणें, यांत पुष्कळ अंतर आहे. इतक्यांत आंतून त्यांच्या मातोश्री बाहेर आल्या. त्या आतांपर्यंत दाराशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या थोरल्यांना उद्देशून म्हणाल्या, "बाबू, आता धाकला फवारत नाही, मजूर फवारते. त्याच्या घरी बी लेकरं हायेत." आणि पुन्हां आंत गेल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

दुसरे दिवशीं थोरल्यांबरोबर त्यांच्या पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन जाणाऱ्या गाडींतून वर्ध्याहून हिंगणघाटास गेलों. वर्ध्यास मगन संग्रहालय पाहिलें. १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें तें उघडलें. चरख्यांचे अनेक प्रकार तेथें मांडलेले आहेत. त्यांवर एके काळीं याच मुलुखांतील देशी कापूस कातला गेला. थोरले चरख्यांपाशीं थांबले नाहींत. त्यांना शस्त्रक्रियेच्या कापसाविषयीं ऐकावयाचें होतें. देशीचा जाड, आंखूड तंतु पाणी चांगलें शोषतो, म्हणून इस्पितळांतील पट्ट्यांसाठीं त्याला मागणी आहे, हें मीं बोललों होतों. तेवढें त्यांनीं लक्षांत ठेवलें होतें. तो कोण घेतो, कोठें घेतो, भाव काय, असे तीन प्रश्न त्यांनीं मला गाडींत विचारले. तिन्ही प्रश्न योग्य होते, व त्यांपैकीं एकाचेंहि उत्तर आम्हां दोघांना हिंगणघाटास पोंचेपर्यंत देतां आलें नाहीं.

हिंगणघाटच्या बाजारांत गाड्यांची रांग दूरवर लागली होती. व्यापाऱ्याचा माणूस प्रत्येक गाडींत हात घालून मूठभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढतो, सरकीपासून धागा किती लांब निघतो तें डोळ्यांनीं मापतो, ओल पाहण्यासाठीं तो गालाला लावतो, आणि भाव बोलतो. साऱ्या कामाला अर्धें मिनिटहि लागत नाहीं. या कापसावर किती वेळां फवारा बसला, हें त्या चिमटींत कळण्याजोगें नसतें, व त्याला तें विचारण्याचें कारणहि नसतें. थोरल्यांना त्यांच्या अपेक्षेपेक्षां थोडा कमी भाव मिळाला. पैसे मोजून घेतल्यावर चहा पितांना त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, मृगापूर्वीं धाकट्याला अकोल्यास पाठवून देशीची सरकी आणवीन. दोन एकरांपुरती. तिसऱ्या एकराला त्यांनीं नकार दिला.